उदगीरची सहल

दिवाळी झाली आणि बालाजीला एकाएकी घरच्या माणसांना किल्ले दाखवायची हौस आली. ज्या माणसानं लग्नानंतर बायकोला तुळजापूरच्या पुढं नेलं नव्हतं, तो रोज सकाळी गाडी पुसून दारात उभी करायला लागला. आधी औशाचा किल्ला झाला. तो मळ्यापासून हाकेच्या अंतरावर. त्याच्याच तटाखाली ही माणसं शेळ्यांमागं हिंडून लहानाची मोठी झालेली, पण बालाजीनं तो असा दाखवला की जणू ह्यानंच कालपरवा बांधून घेतलाय. मग खरोशाची लेणी झाली. मधे एक दिवस निलंगा झालं, कारण दिवाळीला माहेरी आलेल्या राजकन्याला निलंगा राईस खायचा होता. आणि आज उदगीर.

ह्या हौसेला कारण होतं. मनिषा सोडली तर घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं.

औशाच्या बाहेर, लातूर रस्त्याला लागून असलेल्या वडिलोपार्जित शेताचं बालाजीनं सुट्टीत राहायचं ठिकाण करून टाकलं होतं. पडवीच्या खोल्या, अंगणात बाजा, हिवाळ्यात हुरडा, चुलीवरची भाकरी, आणि फाटकावर भला मोठा बोर्ड, 'आप्पांचा मळा'. त्याखाली बारीक अक्षरात, इथून एका दिवसात बघून होणारे किल्ले आणि गावं. आप्पा म्हणजे त्याचे वडील, गुंडप्पा. त्यांचा फेट्यातला फोटो बोर्डावर होता आणि पुण्या-हैदराबादचे पाहुणे त्या फोटोशेजारी उभं राहून स्वतःचे फोटो काढायचे. खरे आप्पा मळ्याच्या कोपऱ्यात बोरीखाली बसलेले होते.

बसलेले म्हणजे बसलेलेच. लिंगायत घर हे, ह्यांच्यात मेलेलं माणूस जाळत नाहीत. मांडी घालून, तळहातावर लिंग देऊन खड्ड्यात बसवतात, भस्म अन् बेल वाहतात आणि मग माती लोटतात. पुढं सवडीनं वर ओटा बांधायचा, ओट्यावर दगडाची पिंड, पिंडीपुढं नंदी. ज्याला शेत आहे त्यानं आपल्याच शेतात बसायचं, ही घराण्याची रीत. बोरीखाली असे दोन ओटे होते. एक आप्पांचा आणि दुसरा सुदर्शनचा. सुदर्शन बालाजीचा धाकटा भाऊ. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला तेव्हा मनिषाशी लग्न होऊन त्याला पुरती चार वर्षंही झाली नव्हती. कुठल्याच ओट्यावर नाव कोरलेलं नव्हतं. घरच्या माणसांना नावं कशाला लागतात.

मागच्या उन्हाळ्यात हैदराबादचं एक कुटुंब आलं. सकाळी त्यांची लेकरं आप्पांच्या ओट्यावर बसून चिप्स खात होती. हा ओटा कशाचा, ते आईबापाला कळलं आणि ती माणसं न्याहारी न करताच निघून गेली. वर इंटरनेटवर लिहिलं, स्मशानात राहून आलो म्हणून. तेव्हापासून तो कोपरा बालाजीच्या डोळ्यात सलायला लागला. त्यानं घराण्याच्या गुरूंना, स्वामींना, विचारून बघितलं. स्वामी एवढंच म्हणाले, "बसवलेला माणूस उठवत न्हाईत, बालाजी." मग ह्यानं आपलाच तोडगा काढला. माणूस उठवायचा नाही, ओटा काढायचा. गाडीनं लातूर सोडलं की मळ्यात जेसीबी येणार होता. संध्याकाळपर्यंत ट्रकमधून आणलेली हिरवळ अंथरून होणार होती. बालाजीची बायको महानंदा डोकं दुखतंय म्हणून देखरेखीला मागं राहणार होती. सगळं नीट ठरवलं गड्यानं. वार तेवढा बघायचा राहिला.

"भाऊजी, दिवेलागणीच्या आत येऊ न्हवं आपण?" मनिषानं विचारलं. ती डब्यात दशम्या भरत होती. "आज सोमवार हाय."

बालाजीच्या बशीतला चहा तिथंच थांबला. दर सोमवारी दिवेलागणीला मनिषा बोरीखाली दोन दिवे लावते, हे तो पाहत आला होता, पण पाहिलेलं सगळं ध्यानात कुठं राहतं.

"येऊ की," तो म्हणाला. "न्हाई जमलं तर महानंदा लावंल."

"अक्काला न्हाई जमायचं. वारं लई असतं तिथं. आडोसा धरून लावावा लागतो." ती हसली. "तरी मी आत्ताच सांगून येते त्यायला, जरा उशीर झाला तर वाट बघू नका म्हणून."

आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या फुलांतली दोन जास्वंदी घेऊन ती बोरीकडं गेलीसुद्धा. अंगावर आज निळी, जरीच्या काठाची साडी. पाहुण्यांच्या भाकऱ्या थापून थापून जिचे हात आणि दिवस सारखेच करपलेले, तिला ह्या चार दिवसांत कुणी भाकर थापायला लावलं नव्हतं. हिमायतनगरचा तिचा भाऊ कितीदा न्यायला आला. चल म्हणाला, लेकरू न्हाई बाळ न्हाई, इथं कुणासाठी राबायलीस. तिचं उत्तर ठरलेलं होतं. माझा माणूस इथं बसलाय, मी कुठं येऊ. तिनं ना कधी जमिनीचा वाटा मागितला, ना घराचा. दोन ओटे आणि सोमवारचे दिवे, एवढ्यावर ती ह्या घरात पाय रोवून उभी होती.

पडवीतून पंचफुलाबाई हे सगळं पाहत होती. बालाजीची आई. गुडघे गेले तेव्हापासून तिचं बोरीकडं जाणं बंदच होतं. ती लांबूनच हात जोडायची आणि बाकीचं सून करते म्हणून निर्धास्त असायची.

"आई, चल बस गाडीत," बालाजी तिच्याजवळ येऊन हळू बोलला. "आणि तोंड असं करून बसू नकोस. तुझी जागा कुठं जात न्हाई म्हणून सांगितलंय न्हवं मी तुला?"

"आप्पांच्या ओट्याला हात लावायचा न्हाई."

"न्हाई लावत. किती बारी सांगू?"

हा सौदा दसऱ्याला झाला होता. सुदर्शनचा ओटा जाणार, आप्पांचा राहणार, आणि आप्पांच्या उजव्या हाताला पंचफुलाबाईची जागा राहणार. सून म्हणून आली त्या वर्षी तिच्या सासऱ्यानं बोटानं दाखवून दिलेली जागा ती. आयुष्यभर दुसऱ्याच्या मर्जीनं उठली-बसली, शेवटचं बसणं तरी आपल्या जागेवर व्हावं, एवढीच आशा धरून होती बाई. त्यासाठी तिनं पोटच्या पोराची जागा दिली. रडली खूप, पण दिली.

*

लातूर मागं पडलं तसा बालाजीचा फोन एकदा वाजला. त्यानं नुसतं "हां, करा चालू" म्हटलं आणि ठेवून दिला. मागच्या सीटवरच्या राजकन्याला कळलं, जेसीबी मळ्यात शिरला.

राजकन्या म्हणजे बालाजीची बहीण, मुखेडला दिलेली. तिला हे सारं भाऊबीजेच्या दिवशी कळलं. ओवाळणी घालता घालता बालाजीनं सांगितलं आणि वर म्हणाला, तू मधे पडू नकोस, तुझं माहेर चांगलं चाललंय. त्या बोलण्यातलं टोक तिला बरोबर लागलं. जमिनीवरचा हक्क तिनं केव्हाच सोडला होता, भावाचं मन राखायचं म्हणून. आता तिच्याकडं उरलं होतं काय, तर दिवाळीचे चार दिवस, एक साडी आणि 'आली का गं' म्हणणारी आई. तेही भावजयीच्या हातात. बोलली असती तर पुढच्या दिवाळीला फोन आला नसता. असं कितीतरी जणींचं झालेलं तिनं मुखेडात पाहिलं होतं. म्हणून ती गप्प बसली, आणि चार दिवस मनिषाच्या मांडीला मांडी लावून किल्ले बघत हिंडली.

"ताई, ह्यायला किल्ल्यांचं लई याड होतं," मनिषा खिडकीबाहेर बघत म्हणाली. "लग्नाच्या वर्षी म्हणले होते, उदगीर दावतो, कंधार दावतो. मोटारसायकलवर जाऊ. मग कधी पाऊस, कधी पेरणी, कधी काय. ऱ्हाऊनच गेलं. आता बघा, भाऊजी दावायलेत."

राजकन्यानं डोळ्यांवर पदर ओढला. "तू काऊन एवढं बोलायलीस आज? बस की गप जराशीक. मला गाडी लागायली."

"लिंबू देऊ का?"

"नको."

नळेगावला चहाला थांबले तेव्हा बालाजी भज्यांच्या गाड्याकडं गेला आणि आई गाडीतच बसून राहिली. दोघीच बाहेर उभ्या होत्या. हीच वेळ होती. आत्ता सांगितलं असतं तर गाडी वळवून, रडून-ओरडून, पुढ्यात आडवं पडून काहीतरी वाचलं असतं. राजकन्यानं मनिषाचा हात धरलासुद्धा.

"मनिषा."

"काय ताई?"

तेवढ्यात बालाजी भज्यांचा कागद घेऊन आला, आणि पहिलं भजं त्यानं राजकन्याच्याच हातावर ठेवलं. "घे. तुला लहानपणापासून मिरचीचं आवडतं. ह्या बारी जाताना औशाहून पेढे बांधून देतो सासरच्या पाहुण्यांसाठी. भाऊ अजून जिता हाय म्हणावं."

राजकन्यानं भजं खाल्लं. कागदाला हात पुसले आणि गाडीत जाऊन बसली. ही बाई वाईट नव्हती. पण चांगली असूनही तिचा कुणाला उपयोग झाला नाही, हे लिहून ठेवलं पाहिजे.

*

उदगीरचा किल्ला गावाला लागूनच. खंदक एवढा खोल की वाकून बघितलं तर डोळे फिरावेत. बालाजीनं तिकडं बोट करून सांगायला सुरुवात केली, मराठ्यांनी निजामाला कसं हरवलं वगैरे. पाहुण्यांना सांगून सांगून त्याला ते पाठ झालं होतं. मनिषा एकटीच मन लावून ऐकत होती. दरवाज्यातून आत जाताना तिनं उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. बालाजी म्हणाला, देऊळ न्हाई ते. ती म्हणाली, असू द्या की, जुन्या माणसांचं हाय.

आत फिरत फिरत ते उदागीरबाबांच्या समाधीपाशी आले. समाधी जमिनीच्या पोटात, पायऱ्या उतरून जायचं. खालून अगरबत्तीचा वास येत होता. कुठल्या काळातला तो गोसावी, कुणाचा कोण, पण गावानं त्याच्या नावानं स्वतःचं नाव ठेवलं. राजे आले-गेले, सुलतान आले, निजाम आला, तट ढासळले, तोफा गंजल्या, आणि खाली बाबाचा दिवा काही कुणी विझू दिला नाही.

"आत्याबाई, धरू का हात? हळूहळू उतरू," मनिषा म्हणाली.

"माझे गुडघे न्हाईत चालत. तुम्ही जाऊन या."

पंचफुलाबाई पायरीच्या तोंडाशी दगडावर बसली. बालाजी थोडा लांब जाऊन फोनवर बोलायला लागला. वारं त्याच्याकडून हिच्याकडं वाहत होतं. "बोरीचं मूळ लई खोल गेलंय म्हणतो का? मग काढ म्हणावं मुळासकट... न्हाई, पिंड फोडू नका म्हणावं, बाजूला ठेवा."

म्हातारीनं डोळे मिटले. बोरीच्या मुळात तर ते पोरगं बसवलं होतं. तेव्हा खड्डा खणताना मुळ्या लागल्या होत्या, आणि तीच म्हणाली होती, तोडू नका, सुदर्शनला बोरं आवडायची, असू द्या मुळ्या त्याच्या अंगाला. हे तिला आत्ता आठवलं. दसऱ्याला का आठवलं नाही, देवच जाणे. किंवा आठवलं असेल आणि तिनं दाबून टाकलं असेल. आपली जागा राखायची म्हटल्यावर माणूस पुष्कळ काही दाबतो.

खालून मनिषा वर आली. कपाळ भस्मानं पांढरं, तोंड उजळलेलं. चिमटीत अंगारा.

"लई छान वाटलं, आत्याबाई. एवढं जुनं, अन् कसं राखलंय लोकांनी. मी तिथं म्हणलं, माझ्या हयातीपर्यंत तरी बोरीखालचे दिवे असेच लागू दे. तुमच्या नावानंबी डोकं टेकवलं." ती वाकली आणि अंगारा लावायला हात पुढं केला.

पंचफुलाबाईनं तो हात झटकला. अंगारा दगडावर सांडला.

"मला नको लावूस."

"काय झालं?"

"मी तो लावून घ्यायच्या लायकीची न्हाई. घरी चल, मनिषा. आत्ताच्या आत्ता घरी चल."

"आई," बालाजी फोन खिशात घालत जवळ आला. "ऊन लागलंय तुला. पाणी पी."

"न्हाई लागलं मला ऊन. तू हिला आणलंस इथं, दुसऱ्याच्या समाधीला डोकं टेकवायला, अन् तिकडं माझ्या लेकराच्या डोक्यावरचं काढायलास."

मनिषाला पहिल्यांदा काही उमगलं नाही. तिनं राजकन्याकडं पाहिलं. राजकन्या तटाकडं तोंड करून उभी होती.

"ताई, आत्याबाई काय म्हणायल्यात?"

राजकन्यानं मान वळवली नाही. "दादाला विचार."

बालाजीनं आवाज चढवला नाही. तो धंद्यातला माणूस, आवाज कुठं चढवायचा आणि कुठं उतरवायचा ते त्याला कळतं. "हे बघ मनिषा, तुझ्या वाईटाचं न्हाई हे. पाहुणे यायचे तर तो कोपरा चांगला दिसला पाहिजे. आपलं सगळ्यांचं पोट आता त्याच्यावर हाय, तुझंबी. सुदर्शनला कुणी हलवत न्हाई. नुसता वरचा ओटा काढायलोत. घरात आधी सांगितलं असतं तर तू करू दिलं असतंस का?"

"न्हाई."

"मग."

"म्हणून किल्ले दावले का मला?"

बालाजीनं पाण्याची बाटली आईपुढं धरली.

मनिषा सासूसमोर बसली, खाली मातीत, निळ्या साडीचा विचार न करता. "तुम्ही हो म्हणलात?"

"ओटाच जातो गं," पंचफुलाबाई रडत म्हणाली. "माणूस कुठं जातोय. माणूस तिथंच ऱ्हातो. आप्पांचा ठेवणार हाय त्यो. माझी जागा हाय तिथं. मी म्हातारी, आज हाय उद्या न्हाई, मला तरी कुठं..."

पुढचं ऐकायची मनिषाला गरज उरली नाही. कुणी काय देऊन काय राखलं ते तिला लख्ख कळलं. ती रडली नाही. रडायला समोर आपलं माणूस लागतं, आणि इथं त्या तिघांत तिचं असं कुणी नव्हतं. तिचं जे होतं ते तिकडं होतं, जेसीबीखाली.

"फोन लावा अक्काला," ती म्हणाली. "थांबवा म्हणा."

बालाजीनं फोन लावला. आता आई रडत होती म्हणून, की खरंच लाज वाटली म्हणून, सांगता येत नाही. महानंदाचा आवाज फोनबाहेर ऐकू आला. "थांबवायचं काय आता? झालं की सगळं. बोरबी उपटली, आता हिरवळीचा ट्रक रिकामा करायलेत."

मनिषा उठली. साडी झटकली.

"गाडी काढा भाऊजी. दिवेलागणीच्या आत पोचायचंय."

*

परतीच्या वाटेवर दशम्यांचा डबा तसाच राहिला. नळेगाव आलं आणि गेलं. मनिषा डोळे उघडे ठेवून समोर बघत होती. तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, सकाळी आपण त्यांना काय सांगून आलो. उशीर झाला तर वाट बघू नका. असं कसं बोललो आपण.

औशाच्या अलीकडं गाडी मळ्यात शिरली तेव्हा ऊन उतरलं होतं. महानंदा फाटकाशीच उभी होती, हातात पाण्याची नळी. डोकंबिकं काही दुखत नव्हतं.

"बघा तरी," ती बालाजीला म्हणाली. "ओळखू येतं का?"

खरंच ओळखू येत नव्हतं. बांध गेला होता. बोर गेली होती. कोपऱ्यापासून विहिरीपर्यंत सगळी एकसारखी हिरवीगार, ओली, सपाट हिरवळ. कडेला पांढरी रंगवलेली दोन बाकडी. पुण्याच्या पाहुण्यांना आवडेल असं सगळं झालं होतं.

पंचफुलाबाई गाडीचं दार धरून उतरली. तिनं एकदा पाहिलं, डोळे पुसून परत पाहिलं.

"आप्पांचा ओटा कुठं हाय?"

महानंदानं नवऱ्याकडं पाहिलं. "तुम्ही सांगितलं न्हाई का आईला?"

"बालाजी, आप्पांचा ओटा कुठं हाय?"

"आई, एक काढून एक ठेवला असता तर ठेवलेला उलटा जास्त डोळ्यात आला असता," बालाजी म्हणाला. "पाहुण्यांना एकाचीबी भीती वाटतेच की."

"तू मला शब्द दिलता."

"दिलता. पण काम करायला लागल्यावर..."

"अन् माझी जागा?"

"तुझं काय घेऊन बसलीस आत्ता? अजून लई वर्षं हायत तुला. अन् औशात आपली रुद्रभूमी हाय की. सगळा समाज तिथंच जातोय. तुझं तिथं चांगलं करू, बांधून देऊ."

"समाज," पंचफुलाबाई म्हणाली.

"पिंडी काही टाकल्या न्हाईत हां," महानंदा मधेच बोलली. तिला वाटलं, ह्यानं जरा बरं वाटेल. "दोन्ही पिंडी अन् नंदी धुऊन फाटकापाशी ठेवल्यात, बोर्डाखाली. पाहुण्यांना जुन्या वस्तू आवडतात. लोक किल्ले बघायला एवढ्या लांबून येतात, त्यायला इथंच काहीतरी बघायला मिळंल."

राजकन्यानं गाडीतनं आपली पिशवी काढली. सकाळच्या गाडीनं मुखेडला जाते म्हणाली. आईनं तिच्याकडं बघितलं नाही. पुढच्या दिवाळीला बोलावणं येईल की नाही हा घोर तिनं चार दिवस वाहिला होता. आता बोलावणं आलं तरी यायला तोंड राहिलं नव्हतं.

मनिषा सरळ स्वयंपाकघरात गेली. चुलीपुढच्या तिच्या जागेवर बसली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली. भाकरी थापताना ती रोज इथूनच बघायची. खिडकीच्या दुसऱ्या गजाच्या आड विहिरीचा कठडा, त्याच्या अंगाला विजेचा खांब, आणि खांबाच्या बुडाशी, जरा अलीकडं, सुदर्शन. तिसऱ्या गजापाशी आप्पा. बोर नव्हती, बांध नव्हता, पण गज होते तिथंच होते. तिनं नीट बघून घेतलं. मग दिवा उचलला, तेलाची बुधली घेतली आणि बाहेर आली.

तिनं चपला कडेला काढल्या. हिरवळीवरून ती इकडंतिकडं न बघता चालत गेली, एका ठिकाणी थांबली, बसली. हातानं गवत बाजूला सारलं, ओल्या मातीत दिवा टेकवला आणि पदराचा आडोसा धरून लावला. पाठमोरी बसून ती बारीक आवाजात काहीतरी बोलत होती, दर सोमवारी बोलायची तसं.

"ते गवत नवीन हाय गं," महानंदा लांबून म्हणाली. "तेल सांडू नकोस."

बालाजीनं तिला हातानं गप्प केलं.

पंचफुलाबाई एवढ्यात हिरवळीच्या कडेपर्यंत आली होती. तिला एक दिवा दिसला. दुसरा दिसेना. गेली कितीतरी वर्षं ती पडवीतून बघत आली होती, बोरीच्या डावीकडं सुदर्शन, उजवीकडं आप्पा. आता बोर नव्हती, तर डावं कुठलं आणि उजवं कुठलं. समोर नुसतं हिरवं होतं. ज्याच्याशी संसार केला तो माणूस ह्यात कुठंतरी मांडी घालून बसला होता, आणि कुठं ते तिला सांगता येत नव्हतं.

"मनिषा," तिनं हाक मारली. "आप्पांचा दिवा लावला न्हाईस?"

मनिषा उठली. तेलाची बुधली हातात घेऊन परत येऊ लागली.

"मनिषा, आप्पा कुठं हायत गं? मला दाव. तुला ठावं हाय, तूच दिवे लावायचीस. चुकून डोक्यावर पाय पडंल माझा. पाय कुठं ठेवू, तेवढं तरी सांग."

मनिषा तिच्यासमोर येऊन उभी राहिली. कपाळावर उदगीरचं भस्म अजून होतं.

"तुम्हीच म्हणलात न्हवं का, आत्याबाई," ती म्हणाली. "ओटा जातो, माणूस तिथंच ऱ्हातो. तिथंच असतील. बघा की."

आणि ती चपला घालून आत गेली. उद्या पाहुणे येणार होते, पीठ मळायचं होतं.

म्हातारीनं चपला काढल्या. एक पाय उचलला, गवताच्या कडेपाशी नेला आणि मागं घेतला. मग दुसऱ्या बाजूनं जाऊन बघितलं, तिथंही पाय टेकवायचा धीर झाला नाही. आत चल म्हणून बालाजी दोनदा सांगून गेला. अंधार पडेस्तोवर ती त्या हिरवळीच्या कडेकडेनं फिरत राहिली.